एका फुटाची विक्रांत

मंडळी, बंदीचे दिवस चालू आहेत. बोटी वर चढल्यात. कोणाची खरवडून झाली, कोणाचं अस्तर लागलं, कोणी अजून जुन्या रंगाचे पोपडे काढतोय. जेटीवर सध्या जे काम दिसतं, अगदी तेच काम जगभरातली माणसं घरातल्या टेबलावर करत असतात. भेगांत लांबी भरायची, पॉलिशपेपर मारायचा, प्रायमर द्यायचा, पाण्याची रेघ आखायची, रेघेखाली लाल आणि वर राखाडी रंग चढवायचा. फरक इतकाच की त्यांची बोट फूट-दोन फुटांची असते, आणि ती असते एखाद्या लढाऊ जहाजाची मापात बसवलेली प्रत.

बाहेरून बघणारा म्हणतो, मोठी माणसं खेळणी करतात! पण ज्याने आयुष्यात एकदा तरी बोट रंगवली आहे त्याला हे काम दाखवा, तो पाच मिनिटांत त्यात शिरतो. म्हणून आज पेजवर डिझेल, बर्फ, दर हे विषय बाजूला ठेवून लढाऊ जहाजांच्या मॉडेलबद्दल बोलू. यात आपल्या उपयोगाची एक गोष्ट आहे, ती शेवटी येते.

छोट्या जहाजावर मोठ्या जहाजाचा भरवसा

आधी एक सांगतो. जहाजाचं मॉडेल हा नुसता छंद कधीच नव्हता. नौदलांनीसुद्धा त्यावर भरवसा ठेवलाय.

१९१७ साल. पहिलं महायुद्ध चालू आहे आणि जर्मन पाणबुड्या ब्रिटनची जहाजं एकामागून एक बुडवतायत. समुद्रात जहाज लपवायचं कसं? आकाश घडोघडी बदलतं, धूर लांबून दिसतो. नॉर्मन विल्किन्सन नावाचा एक चित्रकार नौदलात होता, समुद्राची चित्रं काढणारा. त्याने उलटा विचार केला. जहाज लपत नसेल तर बघणाऱ्याला फसवू. पाणबुडीतला माणूस पेरिस्कोपमधून दोन गोष्टींचा अंदाज घेतो: जहाज कुठल्या दिशेला चाललंय आणि किती वेगाने. टॉर्पेडो सोडायचा तो जहाज पुढे जिथे पोचणार तिथे. तो अंदाज चुकला की टॉर्पेडो वाया. मग जहाजावर काळे, पांढरे, निळे तिरके पट्टे असे मारायचे की नाळ कुठली आणि मागची बाजू कुठली हेच कळू नये.

आता हे पट्टे थेट मोठ्या जहाजावर मारून बघणार कोण? लंडनच्या रॉयल अकादमीत त्यासाठी खोल्या दिल्या होत्या. तिथे लाकडाची छोटी जहाजं बनवायचे, कलाशाळांतून आलेल्या मुली ती रंगवायच्या, मग ते जहाज फिरत्या टेबलावर ठेवून, मागे वेगवेगळ्या आकाशाचे पडदे लावून, पेरिस्कोपमधून बघायचे. दिशा ओळखता आली तर रंग पुसून पुन्हा सुरुवात. ओळखता नाही आली तर त्याचा नकाशा बंदरांवर जायचा आणि तिथले रंगारी खऱ्या जहाजावर तेच पट्टे मारायचे. या रंगामुळे नेमकी किती जहाजं वाचली याचा पक्का पुरावा पुढे हाती लागला नाही. पण खलाशांच्या जिवाचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर टेबलावरच्या एका छोट्या जहाजाला विचारलं जात होतं.

एवढं लांब कशाला जायचं? आपल्या गोव्यातलंच बघा. नौदलाचं शिडाचं जहाज ‘कौंडिण्य’. अजिंठ्याच्या लेण्यातल्या चित्रावरून ते घडवलं. फळ्यांना खिळे नाहीत, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या कारागिरांनी ते गोव्यात बांधलं आणि मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं. भिंतीवरच्या चित्रात लांबी-रुंदीची मापं थोडीच लिहिलेली असतात? आराखडा मुळातून काढावा लागला. आणि खरं जहाज पाण्यात कसं वागेल याच्या चाचण्या आयआयटी मद्रासमध्ये आधी मॉडेलवर घेतल्या. लहान जहाज आधी, मोठं नंतर.

७०० हा आकडा आला कुठून

आता छंदाकडे येऊ. दुकानात मिळणाऱ्या जहाजांच्या डब्यावर १:७०० किंवा १:३५० असं छापलेलं असतं. १:७०० म्हणजे खरं जहाज आपल्या मॉडेलच्या ७०० पट मोठं.

जपानात शिझुओका नावाचा भाग आहे. लाकूडकाम आणि मासेमारी, दोन्हींसाठी नावाजलेला. तिथे १९४६ साली तामिया ही लाकूड कापायची गिरणी सुरू झाली. पुढे ते लाकडाची मॉडेल करू लागले, मग प्लॅस्टिक आलं. १९६० साली त्यांनी पहिलं प्लॅस्टिक मॉडेल काढलं, तेसुद्धा ‘यामातो’ या जपानी युद्धनौकेचं. १९७१ साली शिझुओकातल्या चार कंपन्या एकत्र आल्या: तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी. त्यांनी ठरवलं की सगळ्यांनी एकाच मापात, १:७०० मध्ये, जहाजं काढायची आणि कोणी कुठलं काढायचं हे आपसात वाटून घ्यायचं. म्हणजे एकाने केलेलं जहाज दुसऱ्याच्या जहाजाशेजारी ठेवलं तरी माप जुळणार. चार धंदेवाले एकमेकांच्या वाटेत न येता एका मापावर आले. सहकाराचा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला नको.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली. जहाज पाण्याच्या रेघेवर कापलं. खालचा भाग नाहीच. टेबलावर ठेवलं की टेबलच समुद्र. आपण होडीतून जाताना समोरचं मोठं जहाज जसं दिसतं तसंच.

विक्रांतचा हिशेब

डब्यांमध्ये जपानी, जर्मन, अमेरिकन जहाजं भरपूर मिळतात. भारतीय जहाजं त्या मानाने फार कमी. म्हणून आपण पहिल्या विक्रांतचं उदाहरण घेऊ, हाताने बनवायचं.

ही विक्रांत ४ मार्च १९६१ ला नौदलात आली आणि त्याच वर्षी डिसेंबरात, गोवा मुक्तीच्या वेळी, आपल्या किनाऱ्याबाहेर लांब गस्तीला होती. १९७१ च्या युद्धात तिच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले. तिची लांबी होती ७०० फूट. आता १:७०० ने भागा. बरोब्बर एक फूट! शाळेच्या पट्टीएवढी विक्रांत.

रुंदी बघू. पुस्तकात आकडा मिळतो १२८ फूट. सातशेने भागला की साडेपाच सेंटीमीटर. इथे नवा माणूस फसतो. १२८ फूट ही वरच्या विमानपट्टीची रुंदी. पाण्याजवळ जहाजाचं अंग फक्त ८० फूट, म्हणजे मॉडेलमध्ये साडेतीन सेंटीमीटर. हे न बघता साडेपाचचा ठोकळा कापला तर विक्रांत होत नाही, पाट होतो. पाण्याखाली ती साधारण २४ फूट बसायची, म्हणजे मॉडेलला खाली एक सेंटीमीटर. सी हॉक विमान पावणेदोन सेंटीमीटरचं. आणि डेकवरचा माणूस अडीच मिलिमीटर, तांदळाच्या कणीएवढा.

मापाच्या आधी एक प्रश्न सोडवावा लागतो. विक्रांत, पण कुठल्या तारखेची? १९७१ मध्ये तिचा डेक पुढे सपाट होता, विमान फेकायला वाफेचं यंत्र होतं, वर सी हॉक आणि आलिझे विमानं होती. ऐंशीच्या दशकातल्या दुरुस्तीत ते यंत्र काढलं, नाळेकडे डेकला वर चढणारा उतार दिला आणि सी हॅरियर विमानं आली. आपल्या दाबोळीवरून उडायची तीच. आता उताराच्या डेकवर कोणी सी हॉक मांडली तर काम कितीही सुबक असो, असं जहाज समुद्रात कधी नव्हतंच. म्हणून जाणकार माणूस पहिल्यांदा तारीख ठरवतो, मग त्या तारखेच्या आसपासचे फोटो गोळा करतो आणि मगच करवत हातात घेतो.

अंग बनवायची जुनी रीत सोपी आहे. आराखड्यात जहाजाचे आडवे काप दिलेले असतात, पाण्यापासून वर प्रत्येक उंचीला अंगाचा आकार केवढा ते. त्या आकाराच्या पातळ फळ्या किंवा प्लायवूडचे तुकडे कापायचे आणि एकावर एक चिकटवायचे. पायऱ्या-पायऱ्यांचा ठोकळा तयार होतो. मग पायऱ्यांचे कोपरे तासून काढायचे. जिथे पायरी संपते तिथे खरा आकार. शिवणीसारखं नरम लाकूड असलं तर काम हलकं. वरचे मजले, डोलकाठी, तोफा यांना प्लॅस्टिकची पातळ शीट आणि तार चालते. ब्लेडचं काम मोठ्यांनी शेजारी बसूनच पोरांना करू द्यावं, आणि रंग-थिनर खिडकी उघडून.

रंगात खरी परीक्षा

लाकूडकाम जमलेली माणसं रंगात नापास होतात. का, ते हिशेबानेच कळतं. ब्रशने जाड हात मारला आणि रंगाचा थर एक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा झाला, तर खऱ्या जहाजावर तो सात सेंटीमीटर जाड! दारं, खिडक्या, जिने सगळे बुजले. म्हणून रंग पाण्यासारखा पातळ करून दोन-तीन हात द्यायचे, मधे पूर्ण वाळू द्यायचे.

दोऱ्यांचंही तसंच. जाळ्यातला बारीकात बारीक तंगूस डोलकाठीवरून ओढावा असं आपल्या पोरांना पटकन सुचेल. पण ०.१ मिलिमीटरचा तंगूस म्हणजे या मापात सात सेंटीमीटर जाडीचा केबल. त्यासाठी वेगळी युक्ती आहे. किटच्या पार्टांना धरून ठेवणारी प्लॅस्टिकची काडी मेणबत्तीवर धरून मऊ करायची आणि दोन्ही हातांनी सावकाश ओढायची. केसाहून बारीक तार निघते.

रंगाचा क्रम आपल्या बोटीसारखाच. आधी अस्तर. मग पाण्याखाली लाल, आपण अँटिफाऊलिंग मारतो तोच भाग. मग पाण्याच्या रेघेवर काळा पट्टा, कारण बंदरात तेल आणि घाण तिथेच लागते. त्याच्यावर राखाडी. डेक आणखी गडद. रेघ आखायला मॉडेल सपाट फरशीवर पक्कं बसवायचं, एका लाकडी तुकड्याला हव्या उंचीवर पेन्सिल बांधायची आणि तो तुकडा फरशीवरून सरकवत भोवती फिरवायचा. रेघ कुठेच वाकडी जात नाही.

पण राखाडी कुठला? इथे आपल्या डोळ्यांना फायदा आहे. तुम्ही मॉडेल अर्ध्या मीटरवरून बघता. सातशेने गुणा: ३५० मीटर. म्हणजे तुम्ही त्या जहाजाकडे ३५० मीटर पाण्यापलीकडून बघताय. एवढ्या अंतरावर हवेतल्या धुक्याने रंग फिका पडतो, काळा रंग काळा राहत नाही, लाल विटकरी होतो. म्हणून डब्यातला रंग जसाच्या तसा न मारता त्यात थोडा पांढरा किंवा फिका राखाडी घालतात. ३५० मीटरवरून बोट कशी दिसते हे शहरात बसलेल्याला फोटोवरून शिकावं लागतं. आपल्याकडे चौदा वर्षांचं पोर सांगेल.

शेवटचं काम गंजाचं, आणि नवे लोक इथेच वाहवतात. सगळं जहाज नारिंगी करून टाकतात. गंज कुठे येतो हे आपल्याला विचारा. नांगराची साखळी जिथून बाहेर येते तिथून खाली. डेकचं पाणी जिथून बाहेर पडतं त्या भोकाखाली. जिथे धक्क्याला अंग घासतं तिथे. ओघळ नेहमी सरळ खाली, वर जाड आणि खाली विरळ. आणि युद्धनौकेवर खलाशी सतत रंगाचा ब्रश घेऊन असतात, त्यामुळे तिथे ताज्या रंगाचे चौकोनी ठिगळ जास्त आणि गंज कमी. पाण्याच्या रेघेवर मिठाची पांढुरकी कड आणि शेवाळाची हिरवट रेघ, एवढी दिली तरी पुष्कळ. वरून चमक नसलेलं व्हार्निश. चमकणारं जहाज टेबलावरचं खेळणंच वाटतं. आणि काम झालं की काचेची पेटी हवीच. आपल्या पावसाळी हवेत उघडं ठेवलेलं मॉडेल एका हंगामात बुरशी धरतं.

जहाज गेलं, मग काय उरलं

इतकी मापं, तारखा, रंग कशाला? याचं उत्तर विक्रांतच्या शेवटात आहे. ३१ जानेवारी १९९७ ला ती सेवेतून निघाली. २०१२ पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांनी बघितली. पुढे ती विकली गेली, मोडू नये म्हणून लोक सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, पण नोव्हेंबर २०१४ मध्ये दारुखान्यात तिचे तुकडे करायला सुरुवात झाली. तिच्या लोखंडातून काही मोटरसायकलीही निघाल्या. तिच्यामागची विराट २०१७ मध्ये निवृत्त झाली आणि २०२० मध्ये अलंगच्या किनाऱ्यावर मोडायला गेली. २०२२ मध्ये नवी विक्रांत आली, नाव तेच, पण जहाज वेगळं. ती ७०० फुटांची विक्रांत बघायची तर आता फोटो, आराखडे आणि कोणीतरी मापात केलेलं मॉडेल, एवढंच.

विक्रांतचं निदान लोखंड तरी जमिनीवर आलं. खुकरीचं तेही नाही. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’ने आयएनएस खुकरीला टॉर्पेडो मारला. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. आज दीवला समुद्राकडे तोंड करून एका टेकडीवर स्मारक आहे. तिथे काय ठेवलंय? काचेच्या घरात खुकरीचं मॉडेल.

ज्या घरातला माणूस समुद्रावर गेला आणि परत आलाच नाही, त्या घराला हे वेगळं समजवायला नको. अंत्यविधीला देह नाही, फूल ठेवायला जागा नाही. १९४ घरांसाठी ती जागा म्हणजे ते काचेतलं जहाज. कोणाची आई, कोणाची बायको तिथे उभी राहून विचारू शकते की माझा माणूस कुठे ड्युटीला होता, आणि बोट दाखवायला काहीतरी आहे. अशा मॉडेलमध्ये डोलकाठी चुकीच्या जागी असून चालत नाही.

आता आपल्या बोटींचं

लढाऊ जहाजांचे आराखडे निदान कुठेतरी कपाटात असतात. आपल्या बोटींचे नसतात. आपल्या लाकडी होड्या, रापणीच्या शिवलेल्या होड्या, पहिले लाकडी ट्रॉलर मेस्तांनी कागदाशिवाय बांधले. माप त्यांच्या हातात आणि डोळ्यांत. मेस्त गेला, लाकूड कुजलं, त्या जागी फायबर आलं, की त्या बोटीचं या जगात काहीच उरत नाही. विक्रांतसाठी लोक कोर्टात गेले. आपल्या आजोबांच्या होडीसाठी कोणी जाणार नाही. पण टेप आपल्या सगळ्यांकडे आहे.

बंदी संपेपर्यंत बोट वरच आहे. या दिवसांत एक संध्याकाळ काढा आणि पोरांना हाताशी घ्या. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत लांबी घ्या. मग लांबीचे सहा सारखे भाग करा आणि मधल्या पाचही खुणांवर रुंदी आणि पठाणापासून काठापर्यंत खोली मोजा. या पाच जागांच्या मापांवरून अंगाचा आकार पुन्हा काढता येतो. दोन वांकांमधलं अंतर लिहा. नाळ किती कलते ते दोरीला वजन बांधून बघा. बोटीला मीटरची काठी टेकवून बरोबर बाजूने, पुढून आणि मागून फोटो काढा. वाकड्या कोनातला फोटो मापाला उपयोगी नाही. नावाची अक्षरं, नाळेवरचे डोळे, फुलं, क्रॉस, ॐ, जे काही असेल त्याचा वेगळा फोटो घ्या.

आणि खरवडताना निघालेला रंगाचा एक जाड पोपडा फेकू नका. तो बाजूने बघा. निळा, त्याखाली हिरवा, त्याखाली पांढरा, असे थर दिसतील. बोटीने किती हंगाम बघितले आणि कुठल्या रंगात, ते त्या पोपड्यात आहे. कागदात गुंडाळून वहीला चिकटवा. शेवटी तारीख घाला, आणि मेस्ताचं नाव माहीत असेल तर तेही.

मॉडेल आज नाही झालं तरी चालेल. बारा मीटरची बोट १:५० मध्ये जेमतेम २४ सेंटीमीटरची होते, घरातल्या शोकेसमध्ये बसते. पोरगं दहा वर्षांनीही ती करू शकेल, वहीत मापं असतील तर. बोट विकायच्या किंवा मोडायच्या आधी एकदा टेप लावा. नंतर लावायला बोट नसते.

कोणी मापं घेतली, कोणी छोटी बोट केली, तर फोटो पेजवर टाका. रंग फिका की गडद यावर वाद घालायला सगळे सभासद तयारच आहेत.